उजवा दिवा

४ ऑक्टोबर १९३१, आंबेकोंड

पेटी आज पोचली. पावस गावापर्यंत बैलगाडीने आली आणि तिथून वर चौघांच्या खांद्यावर, डोलीत. घाटीत भेटलेल्या बायका वाट सोडून उभ्या राहिल्या आणि आत कोण आजारी आहे म्हणून विचारू लागल्या. पुढच्या दांडीखालचा रामा म्हणाला, "आजारी नाय गो, शानी हाय. पाऊस सांगते."

यंत्राचे इतके थोडक्यात वर्णन मला जमले नसते.

माझा मित्र चिंतामणी जर्मनीतून शिकून आल्यापासून रत्नागिरीच्या आपल्या घराच्या पडवीत ही पेटी जुळवत बसला होता. हवेचा दाब, वारा आणि हवेतली ओल यांचा ती मेळ घालते. या किनाऱ्यावरच्या जुन्या पावसाच्या नोंदी त्याने दातेरी चकत्यांवर कोरल्या आहेत. त्यांच्याशी पेटी आजची हवा ताडून पाहते, आणि दर्शनी बाजूच्या दोन दिव्यांपैकी एक पेटवते. उजवा पेटला तर दिवसभराच्या आत पाऊस, डावा पेटला तर कोरडे. अशीच एक पेटी अंजनवेलला आणि एक पावसला बसवली आहे. तिन्ही पेट्या आपापले उत्तर बिनतारी लहरींनी चिंतामणीच्या पडवीत पाठवतात. मी वाचलेल्या कुठल्याही ग्रंथात किंवा मासिकात असे यंत्र आढळले नाही.

यंत्र त्याने केले. ते लोकांच्या गळी उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्याला चार माणसांपुढे बोलता येत नाही. मला गप्प बसता येत नाही. भात घरात येईपर्यंत मी इथे शाळेच्या खोलीत राहणार आहे.

६ ऑक्टोबर

संध्याकाळी वाघजाईच्या देवळापुढे व्याख्यान दिले. विषय: कौल.

या गावात कौलाशिवाय पान हलत नाही. गुरव देवीच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणी, सोयरीक, मुंबईला नोकरीसाठी जाणे, सगळे यावर ठरते.

मी म्हणालो, पाकळी देवी पाडत नाही, ओल पाडते. जिथली ओल आधी सुकते तिथली पाकळी आधी गळते. ज्याच्या हातात पाण्याचे भांडे, त्याच्या हातात कौल! आवाज चांगला लागला होता. समोरच्या डोंगरावरून परत येत होता.

गुरव आत्माराम पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. साठीचा माणूस आहे. व्याख्यान संपल्यावर त्याने स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. "घसा बसंल, भाऊसाहेब. एवडं आमी वर्साला बोलत नाय."

"तुम्हाला काही उत्तर द्यायचंय का?" मी विचारले.

"नाय बा. तुमी बरोबरच बोललात."

शेवटी गावाने मान्य केले. या कापणीला कौल लावायचा नाही, पेटीला विचारायचे. भात घरात येईपर्यंत पेटी खरी ठरली तर कौल कायमचा बंद. आत्मारामने मान डोलावली. विरोध झाला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

९ ऑक्टोबर

प्रवासात पेटीतल्या केसांची जुडी तुटली आहे. हवेतली ओल मोजण्याचे काम हे केस करतात. ओल लागली की केस लांबतो, कोरडा झाला की आखडतो, आणि त्याला बांधलेला काटा हलतो. पेटीच्या झाकणाला फटी आहेत त्या त्यासाठीच. केस बाईचे, लांब, आणि बिनतेलाचे हवेत. तेल मुरलेला केस ओल घेत नाही.

इथे नारळ पाण्यासारखा आहे. सगळ्या गावात कोरडे डोके मिळेना. रामाच्या बायकोने, काशीने, शिकेकाईने धुऊन केस दिले. काटा जागचा हलला नाही.

शेवटी काशीनेच राहीला आणले. राही पंचविशीची असेल. तिचा नवरा केरू मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला चार वर्षे झाली. निरोप नाही, पैसे नाहीत, मेल्याची खबरही नाही. तेव्हापासून तिने डोक्याला तेल लावलेले नाही, फूल माळलेले नाही. सवाशीण म्हणून कुणी ओटी भरत नाही, विधवा म्हणून कुणी सोडत नाही. केरूचा चुलता बाबू याच्या घरी राबते.

तिने कात्रीने एक बट कापू दिली आणि विचारले, "ह्येचं काय करनार?"

मी तिला सगळे तत्त्व समजावून सांगितले. एका निरक्षर बाईला विज्ञान सांगताना फार समाधान वाटले. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजे माजा केस भिजला का उजवा दिवा?"

"इतर गोष्टीही आहेत. पण मुख्य तोच."

"आनि पाऊस नसला, निस्ता केसच भिजला तर?"

मला हसू आले. हवेत ओल असल्याशिवाय पेटीतला केस भिजेल कसा, असे मी तिला विचारले. "ता बी खरं," ती म्हणाली.

१३ ऑक्टोबर

सकाळी उजवा दिवा. आकाश काचेसारखे. बाबूने हसत विळा घेतला आणि आपली खाचरे कापायला घातली, बाकीचे थांबले. दुपारी समुद्राकडून ढग आले आणि बाबूचे कापलेले भात पाण्यात तरंगले.

सायंकाळी पेटी पाहायला शाळेपुढे गर्दी.

१७ ऑक्टोबर

पेटी एकदाही चुकली नाही. आता माणसे तिच्यापुढे नारळ ठेवतात. आज सोनूबाई नावाच्या म्हातारीने दिव्यांपुढे पदर पसरून विचारले, हरवलेली म्हैस मिळेल का. डावा दिवा लागलेला होता, कारण हवा कोरडी होती. ती रडत निघाली. मी हाका मारमारून सांगितले की याचा म्हशीशी संबंध नाही. म्हैस संध्याकाळी मेलेली सापडली. आता काय बोलणार?

उजवा होकार, डावा नकार. ही गोष्ट माझ्या ध्यानात आधीच यायला हवी होती. दिवे खाली-वर बसवता येतील का म्हणून परवा माणूस धाडून चिंतामणीला विचारणा केली होती. त्याचे उत्तर आले, तारा पुरणार नाहीत.

१९ ऑक्टोबर

आज राही आली. बरोबर रावजी होता. रावजी जांभ्याच्या खाणीवर चिरे काढतो. बायको वारली आहे, घरी म्हातारी आई. अंगावर तांबडी धूळ असते आणि तोंडातून शब्द निघत नाही. दोघांना पाट लावायचा आहे. कुणब्यांत बाईला पाट लावून दुसरे लग्न करता येते, ही चांगली रीत आहे. पण नवरा हयात असला तर पंचांची परवानगी लागते, आणि केरू हयात आहे की नाही हे कोण सांगणार? चैत्रात देवीला कौल लावला. डावी पाकळी पडली. म्हणजे केरू आहे, थांब.

पंचांत बाबू आहे. फुकट राबणारी बाई जाऊ द्यायला तो काय म्हणून राजी होईल? आणि गुरवाला भात जाते ते सगळ्यांत जास्त बाबूच्या खळ्यावरून.

राही म्हणाली, "द्येवीनं डावा दिला. आता पेटीला इचारा."

मी साफ नकार दिला. पेटीला हवा कळते, केरू कळत नाही. मी म्हणालो, "तुम्हाला कोणाच्याच परवानगीची गरज नाही. उद्या सरळ लग्न करा. मी गावापुढे उभा राहून बोलेन."

"तुमी बोलाल," ती म्हणाली, "नि रत्नाग्रीला जाल. आमी हितंच ऱ्हानार. वाळीत टाकतील. हिरीवर पानी भरू देनार नाय. ह्येंची आय आज-उद्याची हाय. तिला खांदा कोन देल?"

रावजी तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "माज्या आयला खांदा पायजे, भाऊसाहेब."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे मी ते कबूल करणार नाही.

जाताना राही पेटीजवळ वाकून पाहत होती. विहिरीवरून तशीच आली होती, खांद्यावरची घागर निथळत होती. थोड्या वेळाने पाहिले तर उजवा दिवा लागलेला. पाऊस आला नाही. घटकाभराने आपोआप डावा लागला. खारा वारा बाधत असावा.

२२ ऑक्टोबर

पंचांपुढे बोललो. आजवर इतके स्पष्ट क्वचितच बोललो असेन. यंत्र म्हणजे देव नव्हे. ज्याला ओल कळते त्याला माणसाचे मरण कळत नाही. या बाईचा प्रश्न माणसांनी सोडवायचा आहे, आणि तो न सोडवणे हा भ्याडपणा आहे!

सगळे अदबीने ऐकत होते. कोपऱ्यातला एक म्हातारा माझ्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होता. गाऱ्हाण्याला म्हणतात तसे. मध्येच आणखी दोघे म्हणू लागले.

मी बसल्यावर पंचांनी ठरवले की शनिवारी पेटीला विचारायचे.

बाबू जोरात होता. "इचारा की! धा दिस डावाच पेटतोय. उजवा पेटंल तर मी सोता पोरीची पाठवनी करीन."

त्यावर बाहेरून राही म्हणाली, "द्येवीची रीत ती पेटीची रीत. मी ओलेत्यानं उबी ऱ्हानार."

कौलाच्या वेळी न्हाऊन, ओल्या वस्त्रांनी उभे राहायची इथे प्रथा आहे. मी उठून हरकत घेतली. विज्ञानाच्या दारात सोवळेओवळे कशाला? आत्माराम गुरवाने वळून राहीकडे पाहिले. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पोर बोलते ता रीतीचं हाय."

तो इतक्या सहज राजी कसा झाला, कळत नाही. ज्याचा धंदा बुडतो आहे त्याने रीतीची काळजी करावी हे विचित्र आहे.

२३ ऑक्टोबर

आकाशात ढगाचा ठिपका नाही. डावा दिवा.

पेटीच्या मागे एक कळ आहे. दिवा शाबूत आहे का हे पाहण्यासाठी चिंतामणीने ठेवली आहे. ती दाबली की डावा विझतो आणि उजवा पेटतो. मी पेटीच्या मागे उभा राहणार, हे ठरलेलेच आहे. तिथे माझ्याशिवाय कोणी नसेल.

आयुष्यभर मी गुरवांच्या हातचलाखीवर बोलत आलो. उद्या कळ दाबली तर मी गुरव. नाही दाबली तर यंत्र खरे बोलेल, हवा कोरडी आहे एवढेच बोलेल, आणि त्यावर एका बाईला जन्मभर बांधून ठेवतील. तिसरा रस्ता शोधतो आहे. सापडत नाही.

२४ ऑक्टोबर

घडले ते क्रमाने लिहितो.

पेटी शाळेच्या ओट्यावर. अंगणात सगळा गाव. डावा दिवा लागलेला. बाबू पुढे, कमरेवर हात ठेवून. रावजी मागे कुंपणाशी, जणू त्याचा काही संबंध नाही.

राही विहिरीवरून आली. लुगडे अंगाला चिकटलेले, केस मोकळे, कमरेपर्यंत, पाणी गळत होते. ओट्यावर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले.

गाऱ्हाणे आत्मारामने घातले. मी त्याला सांगितले नव्हते; त्याला कोणी सांगावे लागत नाही.

"बा म्हाराजा, पेटीतल्या म्हाराजा! केरू दर्यापार गेला, त्येचा ठाव नाय. ह्ये लेकरू ना आल्याड, ना पल्याड. ह्येला मोकळं करायचं आसंल तर उजवा दे, बांदून ठेवायचं आसंल तर डावा दे!"

"व्हय म्हाराजा!"

राहीने गुडघे टेकले आणि देवीच्या पायांवर ठेवावे तसे डोके पेटीच्या झाकणावर ठेवले. केस फटींवर पसरले. ती तशीच राहिली. मी मागे, बोट कळीवर.

"ऊठ गो आता," बाबू ओरडला. "निजलीस काय?"

"द्येवाच्या दारात घाई नाय," आत्माराम म्हणाला. "तुजं भात भिजलं तवा बी घाईच होती न्हवं?"

लोक हसले. हसू विरले. डावा दिवा तसाच.

मी मनाशी म्हणालो, आता. आणि तेवढ्यात अंगणातून आवाज उठला. पुढे वाकून पाहिले. डावा विझला होता, उजवा पेटला होता.

मी कळीकडे पाहिले. ती वर होती. मी दाबली नव्हती. बोट उचलून पुन्हा पाहिले. दाबली नव्हती.

बाबू तडक घरी गेला. बोललेला शब्द मात्र त्याला गावापुढे पाळावा लागणार. रावजी कुंपणाशी खाली बसला आणि त्याने डोक्यावरचे मुंडासे काढून तोंड पुसले. राही उठली तेव्हा तिच्या कपाळावर झाकणाच्या पट्ट्यांचे वळ होते.

मी दाबली असती का, हे मला आता कधीच कळणार नाही. सुटल्यासारखे वाटते, आणि त्याचा राग येतो.

२६ ऑक्टोबर

उजवा दिवा लागला म्हणजे पाऊस येणार, म्हणून मी परवाच घरोघर सांगत फिरलो होतो की भात झाका. कोणी झाकले नाही. रामा म्हणाला, "भाऊसाहेब, तो दिवा राहीचा व्हता. पावसाचा न्हवता." पाऊस आला नाही. त्याच रात्री पेटी पुन्हा डाव्यावर आली होती.

यंत्र गावादेखत प्रथमच चुकले, आणि गावात त्याची खंत वाटणारा मी एकटा.

२ नोव्हेंबर

चिंतामणी आला. त्याच्याकडच्या नोंदींप्रमाणे चोवीस तारखेला अंजनवेल आणि पावस दोन्हीकडे दिवसभर डावा. फक्त आमच्या पेटीने काही वेळ उजवा दाखवला. त्याने पेटी उघडली. आतल्या पितळेवर पाण्याचे डाग होते आणि केसांची जुडी ताणून सैल पडली होती.

"कोणी पाणी सांडलं का?"

"छे. तांब्यासुद्धा जवळ नव्हता." मी त्याला तो सगळा प्रसंग सांगितला, गाऱ्हाण्यासकट.

"ती बाई कुठं उभी होती?"

"उभी नव्हती. झाकणावर डोकं टेकून होती. नुकतीच न्हाऊन आली होती, त्यांची प्रथा आहे तशी."

त्याने झाकणाच्या फटींवरून बोट फिरवले. मग त्याने चहा मागितला.

"दोष कशात आहे?" मी विचारले.

"कशातच नाही, दत्तू. पेटी ठीक आहे."

"मग चुकली कशी?"

"चुकली नाही," तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतून पिऊ लागला. शास्त्रज्ञाने असे गूढ बोलावे हे मला पटले नाही. खारा वारा, असे कारण मी माझ्यापुरते नोंदवले आहे.

२५ नोव्हेंबर

भात घरात आले. गावाने शब्द पाळला. देवळातला कौल बंद झाला. आत्माराम आता रोज सकाळी शाळेचा ओटा सारवतो, पेटी पुसतो आणि तिच्यापुढे एक जास्वंद ठेवतो. आलेल्यांची गाऱ्हाणीही तोच घालतो, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून. त्याला भात पूर्वीइतकेच मिळते. मी जिंकलो, असे चिंतामणी म्हणतो. त्याच्या म्हणण्यात खोच आहे का, हे पाहायला हवे.

तुळशीचे लग्न झाल्यावर राही-रावजीचा पाट लागला. बाबूने पाठवणी केली, तोंड वाकडे करून. मी चार शब्द बोललो. बाईने देवाच्या किंवा यंत्राच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या बुद्धीने वागावे, असा आशय होता. राहीने मान खाली घालून ऐकले. काशी तिच्या शेजारी बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. कशाला, ते विचारले नाही.

१ डिसेंबर

सैल झालेली जुडी बदलायची आहे. चिंतामणीने नव्या केसांचा निरोप धाडला, म्हणून रावजीकडे गेलो. त्याची आई ओटीवर उन्हात बसली होती. राही खळ्यात भात वारवत होती.

"भाऊसाहेब, केस पायजेत ना?" तिने मी काही बोलण्याआधीच विचारले आणि पदर मागे सरकवला. केस चापून बसवलेले, खोबरेलाने चकचकीत, आणि अंबाड्यावर माळलेला अबोलीचा वळेसर. "आता माजं नाय चालनार. तेल लागलं."

"शिकेकाईने धुऊन..."

"धुवायची नाय," ती म्हणाली, आणि सूप उचलले.

सगळे गाव फिरलो. बिनतेलाचे डोके आता एकही नाही. कोणाचे मिळेपर्यंत पेटी बंद ठेवली आहे.